यमुनावहिनीचं शिसं

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे "हात धुतलेस का रे?" शाळेतल्या बाईंनी विचारावं तसं मी मिशीवाल्या, दोन-दोन पोरांच्या बापांना रोज विचारायचे, आणि तेही शाळेतल्या पोरांसारखेच माझ्या तोंडावर खोटं बोलायचे. संपादकांनी माझ्याकडे नर्सच्या आयुष्यातले थरारक प्रसंग मागितले आहेत. त्यांची बहुतेक निराशा होणार आहे, कारण मी इस्पितळातली नर्स नव्हतेच. रोह्याच्या एमआयडीसीत रंगाची पूड तयार करणारी एक कंपनी होती, तिच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. राहायला पेणला, नोकरीला रोह्याला. पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं की कंपनीची बस तिथूनच मागे फिरायची, आणि त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांची तब्येत एकदम ठणठणीत असायची.

कंपनीचा दवाखाना म्हणजे एक खाट, एक वजनकाटा, टिंक्चरची बाटली आणि हजेरीबुकाएवढं जाड रजिस्टर. डोळ्यात कण गेला, बोट चेमटलं, उद्या रजा हवी म्हणून आज पोटात दुखतंय, हे रोजचं. पण आमच्याकडे एक पिवळं खातं होतं. तिथे पिवळा रंग दळला जायचा आणि तिथली माणसं दुपारपर्यंत हळद लागलेल्या नवरदेवासारखी व्हायची. त्या पिवळ्यात शिसं होतं. मासे पकडायच्या जाळ्याला वजनासाठी लावतात, तेच शिसं. धुळीतून ते पोटात गेलं की रक्तात उतरतं आणि रक्तातून हाडात जाऊन ठाण मांडतं. माणूस फिकट पडतो, पोटात पीळ पडतो, चिडचिडा होतो, आणि फारच झालं तर मनगटातली ताकद जाते. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. हे सगळं इतक्या सावकाश होतं की माणसाला वाटतं आपलं वय झालं.

शिफ्ट सुटताना कंपनी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, ही समजूत मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची पक्की होती. त्यामुळे व्हायचं असं की माणसं पिवळ्याधमक बोटांनी तो खडा उचलायची, तोंडात टाकायची आणि वर बोटं चाटायची. शेवटी मी साबण घेऊन दारात उभी राहायला लागले. आधी साबण, मग गूळ. पिवळ्या खात्यातला दत्ताराम मला म्हणाला, "सिस्टर, गूल कंपनीचा हाय, तुमच्या घरचा नाय." मी म्हटलं, "हात तुझ्या आईने दिलेला आहे, तो आधी धू." तो हसला आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी नळावर जायला लागला. फार गोड माणूस. म्हणूनच त्याच्याबद्दलची पुढची गोष्ट लिहिताना हात जड होतो.

रक्तात शिसं वाढलेलं निघालं की माणसाला त्या कामावरून हलवायचं, हे सरळ उत्तर. पण पिवळ्या खात्यातली कामाची माणसं मोजकी होती. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी एक सोपी वाट काढली. शिसं लघवीतून बाहेर काढणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या त्यांनी आणवल्या. माणूस तिथेच ठेवायचा आणि गोळी रोज द्यायची. आठवड्यातून दोनदा येणारे म्हातारे डॉक्टर न वाचता सही करायचे आणि मी गोळी द्यायचे. दत्तारामला मी सात-आठ महिने माझ्या हाताने, पेल्यात पाणी ओतून ती गोळी दिली. मला त्यात चूक दिसली नाही. उलट आपण काहीतरी करतो आहोत याचं समाधानच वाटायचं.

मग डॉक्टर सामंत आले. तरुण, सडपातळ, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी रजिस्टर वाचलं, गोळ्यांचं कपाट बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मी बावरले तेव्हा त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर एक खेकडा काढला. म्हणाले, "सिस्टर, या उपचाराला किलेशन म्हणतात. त्या शब्दाच्या ग्रीक मुळातच खेकड्याची नांगी आहे. औषध रक्तात जातं, धातूला नांगीत धरतं आणि किडनीतून बाहेर घेऊन जातं. चांगलं औषध आहे, जीव वाचवतं. पण बाहेरून शिसं येतच असेल तर ते फुकट जातं. काही वेळा तर उलट जास्तच शिसं आत शिरतं. आणि एवढं ओझं वाहायला किडनी धड आहे का, ते आधी कोण बघणार?" मग त्यांनी दुसरा खेकडा काढला. "शिशासाठी शिरेतून द्यायचं एक औषध आहे. त्याच्या नावाची सुरुवातच कॅल्शियमने होते, कारण त्याच्या नांगीत आधीच कॅल्शियम दिलेलं असतं. तसंच दिसणारं दुसरं एक आहे, त्याची नांगी रिकामी. ते शिरेत सोडलं तर रक्तातलंच कॅल्शियम पकडतं, आणि कॅल्शियम एकदम उतरलं की हृदय थांबतं. खाट, ईसीजी आणि जाणता डॉक्टर शेजारी नसेल तिथे हे औषध उघडायचंही नाही."

दत्तारामला गोदामात हलवलं. त्याची किडनी पुढे कायमची अधू राहिली. शिशाने की माझ्या गोळ्यांनी, हे मला कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. तो मात्र भेटला की "सिस्टर, हात धुतले हो," म्हणून दोन्ही पंजे पुढे करायचा आणि मला हसावं लागायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. निवृत्त झाल्यानंतरची आहे.

आमच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं हमरापूरच्या पलीकडच्या एका गावातून येतो. काशिनाथदादा आणि यमुनावहिनी यांचा तिथे कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब पडवी आणि तिच्यात फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती. दादा साच्यातून मूर्ती काढायचे, अंगाचा रंग द्यायचे, आणि उरलेल्या वेळात खाडीकडच्या जमिनीत भात लावायचे. वहिनीचं काम आखणीचं. आखणी म्हणजे डोळे काढणं. सोंडेवरची नक्षी, पितांबराचे काठ, दागिने हेही तीच करायची, पण डोळे सगळ्यात शेवटी. पांढरा भरायचा, कोपऱ्यात तांबूस छटा द्यायची, मग काळी बाहुली आणि पापणीची एकच रेघ. ती रेघ एका श्वासात आली तर आली, पुसून दुसरी काढता येत नाही. गावात दुसऱ्याही आखणीवाल्या होत्या, पण वहिनीच्या गणपतीसमोर उभं राहिलं की तो आपल्यालाच ओळखतोय असं वाटायचं. मी दर आषाढात मूर्ती ठरवायला जायचे आणि ठरवून झाल्यावरही तास-तास तिच्यासमोर बसून राहायचे. पुढ्यातल्या चहावर साय धरायची.

त्या वर्षी गेले तर वहिनी चटईवर आडवी. फळ्यांवर डोळे नसलेले गणपती ओळीने बसलेले.

"काय गो, बरं नाही का?"

"पोटात पिलतंय, सिस्टरबाय. दोन म्हयने झाले. गोल्या खाल्ल्या, फरक नाय. आन ह्यो हात बघा." तिने उजवा हात पुढे केला. ओलं फडकं दांडीवर टाकावं तसा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता.

असा हात मी पुस्तकात पाहिला होता आणि पिवळ्या खात्यात एकदाच. तिला तोंड उघडायला सांगितलं. शिशाने हिरडीच्या कडेला निळसर रेघ उमटते, हे मी नव्या सिस्टरांना शिकवायचे. पण वहिनी मिश्री लावायची. जळक्या तंबाखूने हिरड्या मुळातच काळ्या झालेल्या, त्यात निळी रेघ दिसणार कशी?

"शिसाच हाय," काशिनाथदादा मागून म्हणाले. "रोह्याला शुद्धी केंद्र निघालंय, तितं लघवी तपासली. त्यांनी सांगितलं, अंगात शिसा हाय, धा सलाईनीत समदा साफ करतो. माज्या मामेभावाच्या कालजाच्या नसांमदल्या गाठी पन तितंच काडतायत, आपरेशनबिगर. गुरुवारी पयली सलाईन."

"शिसं आलं कुठून, ते सांगितलं का?"

"पान्यातून, भाजीतून. डाक्टर बोलला, आताच्या जमान्यात सगल्यांच्याच अंगात हाय."

मला ते पटेना. त्याच घरातलं पाणी दादा पितात, तीच भाजी खातात, रंगातही दोघं सारखेच वावरतात, आणि दादा धडधाकट. माझा विचार चालू होता तोवर वहिनी उठून बसली. हात अगदीच गेलेला नाही हे तिला मला दाखवायचं होतं. डाव्या हाताने तिने उजवं मनगट खालून उचलून धरलं, ब्रश घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला, आणि ओठांत धरून हलकेच फिरवत बाहेर ओढला. ब्रशाला सुईसारखं टोक आलं.

"थांब," मी म्हटलं.

"काय झाला?"

"तू ब्रश तोंडात घातलास."

"मंग? थुकीबिगर टोक येतो व्हय?" ती माझ्याकडे अशी बघत होती की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे. "माजी आय पन असाच करायची."

मी रंग बघायला मागितले. दादांनी डबे पुढे केले. पांढरा, पिवळा, शेंदरी. सगळे सुटे, पुडीत बांधून आणलेले, नाव नाही, गाव नाही. तो पिवळा मी झोपेतही ओळखला असता.

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आजही कमी झालेली नाही. गुळाच्या खड्यावरून माणसांना दारात अडवणारी मी, दर आषाढात या बाईसमोर मांडी घालून बसत होते. दिवसातून शेकडो वेळा तो ब्रश माझ्या डोळ्यांदेखत तिच्या ओठांत जात होता आणि मी "काय हात आहे!" म्हणत चहा पीत होते.

मी दोघांना सांगितलं, आजपासून रंग बंद आणि सरळ मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात चला. दादांनी फळ्यांकडे बोट केलं. "अडमिट म्हंजे पंदरा-वीस दीस. ह्या समद्यांचे डोले कोन काडनार? रोह्याला सकाली जाऊन दुपारला परत." वहिनीचं मनही तिकडेच होतं. पाहिल्याशिवाय नावं ठेवणं मलाही बरं वाटेना. गुरुवारी मीही तुमच्याबरोबर येते, एवढंच म्हणाले.

केंद्र बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. आत गारवा, मागे कलंडणाऱ्या खुर्च्या, कुंडीत झाडं, भिंतीवर धबधब्याचं चित्र. पाच माणसं हाताला सलाईन लावून डोळे मिटून पडली होती. मला कबूल करायला हवं, आमच्या दवाखान्यापेक्षा ते शंभर पटींनी छान होतं. पांढऱ्या कोटातले गृहस्थ अतिशय नम्र. मला चहा मागवला. दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर होतं, नावानंतर काही नव्हतं.

"आपला नोंदणी क्रमांक काय?" मी विचारलं.

"आत फाइलला आहे, मावशी."

"तो भिंतीवर लावतात ना?"

"भिंतीवर निसर्ग बरा दिसतो." ते हसले. मीही हसले, कारण उत्तर खरंच झकास होतं.

"हिच्या रक्तातलं शिसं तपासलंय?"

"लघवीत आलंय की."

"लघवी घ्यायच्या आधी हिला काही औषध दिलं होतं?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत दादा म्हणाले, "व्हय, कॅप्सूल दिल्ती एक."

"ती कॅप्सूल मला दिलीत तर माझ्याही लघवीत शिसं उतरेल," मी म्हटलं. "यांच्याही आणि तुमच्याही. थोडंफार सगळ्यांच्या हाडात असतं. हिच्या रक्तात नेमकं किती आहे, ते त्यावरून कळत नाही. आणि किडनीची तपासणी?"

"आपलं औषध किडनी साफच करतं, मावशी."

"सलाईन चालू असताना हिच्या छातीत काही झालं तर?"

"काही होत नाही. आजवर झालेलं नाही." त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला जास्त भीतीचं वाटलं.

इकडे तिथली सिस्टर वहिनीच्या डाव्या दंडाला रबर बांधत होती. माझ्याच वयाकडे झुकलेली बाई. माझे प्रश्न ऐकून तिने ओळखलं असणार की ही आपल्यातली आहे. औषधाचा ट्रे घेऊन ती माझ्यासमोरून गेली आणि जाताना थांबली. ट्रे जरासा माझ्याकडे कलता केला. मी चष्मा लावला. बाटलीवरच्या नावाच्या सुरुवातीला कॅल्शियम हा शब्द नव्हता.

"वहिनी, ऊठ."

वहिनी उठली नाही. खुर्चीला पाठ टेकून ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सिस्टरबाय, आलोच हाओत तर घेऊन जाव दे. माजे डोले रायलेत. दुसऱ्या कुनाला जमायचे नाय."

तिला औषधाचं नाव, कॅल्शियम, हृदय हे समजावत बसायला वेळ नव्हता. सिस्टरने कापूस हातात घेतला होता. मी दादांकडे वळले. "दादा, भरतीच्या पाण्याने तुमचा बांध फुटून खांड पडली तर आधी काय करता?"

"खांड बुजवतो," ते चटकन म्हणाले. खाडीकडच्या शेतकऱ्याला हे विचारायची गरजच नसते.

"आणि शेतात शिरलेलं खारं पाणी?"

"ता मागनं काडायचा. खांड उगडी ठेवून पानी काडला तर दुसऱ्या भरतीला परत..." ते थांबले. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. घरी गेल्यावर ती ओठांत ब्रश धरणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. मग ते खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या दंडाचं रबर सोडलं. "उठ गो, यमुने. डोले पुडच्या वर्सी काड."

गृहस्थ शेवटपर्यंत नम्रच राहिले. मुंबईत तुम्हाला ताटकळत ठेवतील, एवढंच म्हणाले. ते अगदी खरं निघालं. पहिले दोन दिवस आम्ही रांगेतच होतो.

त्या पाच खुर्च्यांवरच्या माणसांना मी काहीच बोलले नाही. तो दादांचा मामेभाऊ त्यांच्यातच होता का, हेही पाहिलं नाही. एका माणसाला घेऊन मी जिना उतरले आणि पाच जणांना मागे सोडलं. नंतर जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला तीन पानी पत्र लिहिलं. काही महिन्यांनी ती पाटी तिथून गेली. माझ्या पत्रामुळे गेली की दुसऱ्या गावात लागली, ते मला माहीत नाही.

मुंबईतल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीची नाडी बघायच्याही आधी विचारलं, "काम काय करता?" तो प्रश्न ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. आता मला बरेच लोक फोन करून विचारतात, किलेशनसाठी चांगलं केंद्र सांगा. कुणाला हृदयासाठी हवं असतं, कुणाला गुडघ्यासाठी, एका बाईंना तर चेहऱ्यावर तेज यावं म्हणून हवं होतं. मी नाव सांगत नाही. मी सांगते, हा उपचार रक्तात धातूचं विष ठरलेल्या माणसासाठी आहे, रक्तवाहिन्या धुवायचा साबण नाही. आणि जिथे जाल तिथे तुम्ही प्रश्न विचारण्याआधी डॉक्टर तुम्हाला प्रश्न विचारतात का, ते बघा. विष आलं कुठून, हे शोधण्याची ज्याला घाई आहे तो तुमचा डॉक्टर. बाटली दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्या दारातून चप्पल घालून परत फिरा.

वहिनीच्या रक्ताचा अहवाल आला. पिवळ्या खात्यातही एवढा आकडा मी क्वचितच पाहिला होता. बाईंनी आधी किडनी तपासली, ईसीजी काढला, मग औषध सुरू केलं. रोज लघवी मोजायची, एक दिवसाआड कॅल्शियम बघायचं. काही दिवस औषध, मग विश्रांती, मग पुन्हा रक्त, कारण रक्तातलं शिसं उतरलं की हाडातलं हळूहळू बाहेर येतं. कंटाळवाणं काम. चांगले उपचार बहुतेक असेच कंटाळवाणे असतात.

वहिनीचं लक्ष मात्र गावाकडे. मूर्ती न्यायला गिऱ्हाइकं यायला लागली होती. शेवटी आळीतल्या दोन कारखान्यांतल्या बाया आपलं काम संपवून आल्या आणि त्यांनी वहिनीच्या गणपतींचे डोळे काढून दिले. कुणी काही मागितलं नाही. दादांनी वॉर्डात येऊन ते सांगितलं तेव्हा वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "कशे झालेत?"

"बरे झालेत."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पांघरूण नीट करायला गेले तर हुंदका ऐकू आला. "बरे म्हंजे बरे नाय, सिस्टरबाय. ह्ये खोटा बोलतात तवा असेच बोलतात." मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. अशा वेळी सांगण्यासारखं औषध माझ्याकडे कधीच नव्हतं.

हात परत यायला वर्ष गेलं. मी दर मंगळवारी पेणहून जायचे. मनगटाला पट्टी, मुठीत रबरी चेंडू, पंजा वर उचलायचा, दहा वेळा, वीस वेळा. ती वैतागायची, मला म्हणायची, "कंपनीतले लोक तुमाला घाबरत व्हते ता उगाच नाय." सुटे रंग दादांनी टाकून दिले आणि बिनशिशाचे, छापील नावाचे आणले. ब्रशाला टोक आणायला ओल्या फडक्याची घडी. पण हात घडीपर्यंत जायच्या आत ओठांकडे वळायचा, आईपासूनची सवय ती. मग वहिनीनेच युक्ती काढली आणि काम करताना तोंडात लवंग ठेवायला लागली. मिश्रीही सुटली. हिरड्या उजळल्यावर त्यांच्या कडेची ती निळी रेघ पहिल्यांदा दिसली, फिकट होत चाललेली.

पुढच्या आषाढात तिने पहिले डोळे काढायला घेतले तेव्हा मी तिथे होते. पांढरा भरून झाला, कोपऱ्यातला तांबूस झाला, बाहुली झाली. पापणीच्या रेघेपाशी ती थांबली, ब्रश घडीवर फिरवला, श्वास धरला आणि रेघ काढली. जुन्या रेघेइतकी बारीक नव्हती. मध्ये जराशी जाड होऊन पुढे गेली होती. त्यामुळे त्या गणपतीचे डोळे झोपेतून आत्ताच उठल्यासारखे दिसत होते. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि "चालल," म्हणाली.

मला राहवलं नाही. वर्षभर जे मनात ठेवलं होतं ते मी तिला सांगून टाकलं. "वहिनी, माझं अख्खं आयुष्य शिशात गेलं. तू ब्रश तोंडात घालायचीस तेव्हा दर वर्षी मी इथे, याच जागी बसलेली असायचे. मला दिसायला हवं होतं. तुझा हात मी वाचवायला हवा होता, गेल्यावर चेंडू दाबत बसायची वेळच यायला नको होती. माझी चूक आहे."

तिने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. रागावली नाही, समजूतही घातली नाही.

"तुमी माज्याकडं कवा बघीत व्हतात, सिस्टरबाय?" ती म्हणाली. "तुमी देवाकडं बघीत व्हतात. समदीच तिकडं बघतात." मग दुसरी मूर्ती पुढे ओढत म्हणाली, "आता बघा माज्याकडं. हात तोंडाशी गेला तर धरा."

मी उठले, पाट उचलला, फळीवरच्या सगळ्या गणपतींकडे पाठ केली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. दिवेलागणीपर्यंत मी तिचा हात दोनदा धरला.